फ्रान्स पाहिले म्हणजे काय पाहिले?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय काय पाहिलंत?" उत्तर म्हणून यादी अपेक्षित असते. आयफेल मनोरा, लूव्र, व्हर्साय, मग बसने स्वित्झर्लंड, तिथून इटली. दहा दिवसांत सहा देश. यादी एका दमात म्हणून दाखवली की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याचे पैसे वसूल होतात. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयता फ्रान्सला जाऊन आलो, तेव्हापासून या प्रश्नाशी आमचे जमेनासे झाले आहे. सव्वीस दिवसांपैकी तीन पॅरिसला गेले. उरलेले तेवीस दिवस आम्ही ल्यों नावाच्या एकाच शहरात, एकाच पेठेत, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटून राहिलो. रोज तीच बेकरी, तोच भाजीबाजार, संध्याकाळी त्याच बाकावर बसणे. "अहो, मग तुम्ही फ्रान्स पाहिलंच नाही," असा निकाल आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी देऊन टाकला. हा निकाल मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगू लागले की मुद्दा प्रवासापुरता राहत नाही, आपल्या घरापर्यंत येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदूरकरांना फ्रान्स तसे परके नाही. १९२६ मध्ये गादी सोडल्यावर तिसऱ्या तुकोजीराव होळकरांचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला आणि १९७८ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही पॅरिसलाच. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी १९३० नंतरच्या वर्षांत माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. त्याचा आराखडा एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराचा, पण आतले कितीतरी सामान पॅरिसच्या नामांकित कारागिरांकडून आलेले. रुलमानची टेबले-खुर्च्या काय, बुते द मोन्व्हेलने रंगवलेली महाराज-महाराणींची चित्रे काय, त्या काळच्या युरोपातही ज्याची चर्चा व्हावी असे ते घर होते. पुढे १९८० मध्ये यातल्या मौल्यवान सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या कलावस्तूंच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा आपल्या गावचे सामान पाहायला पॅरिसला जाण्याची पाळी आली. श्रीमंतांनी फ्रान्सहून वस्तू आणल्या. वस्तू आल्या तशा गेल्या. तुम्हाआम्हाला रुलमानची खुर्ची परवडणारी नव्हतीच. तेव्हा सामान्य गृहस्थाने त्या देशातून काय आणावे, हा प्रश्न निराळा आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे.

ल्यों शहर रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये ते वसवले. शहरात दोन टेकड्या आहेत. एका टेकडीवर मोठे चर्च आहे. तिला लोक प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात. दुसरी क्रुआ-रूस, ती कष्ट करणारी टेकडी. आमचे बिऱ्हाड या दुसऱ्या टेकडीवर होते. घरात पाऊल टाकल्याबरोबर सौ. वर पाहून म्हणाली, "अहो, एवढं उंच छत कशाला? जळमटं काढायला शिडी लागेल!" छत चांगले तेरा फूट उंच होते आणि खिडक्याही त्याच मानाने उंच. कारण असे की ही घरे माणसांच्या मापाने बांधलेलीच नाहीत, मागांच्या मापाने बांधलेली आहेत. जोझेफ मारी जॅकार्ड या ल्योंच्याच माणसाने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी युक्ती मागावर बसवली आणि नक्षीचे रेशीम विणणे एका विणकराच्या आवाक्यात आले. हे उंच यंत्र जुन्या घरांत मावेना, म्हणून टेकडीवर नवी घरे उठली. विणकराचा संसार मागाशेजारीच. झोपायला लाकडी पोटमाळा. इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उतरणारे झाकलेले बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. रेशमाचे तागे त्यातून नेले म्हणजे पावसात भिजत नसत. महेश्वरचा माग ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे सारे चटकन उमगावे.

या विणकरांना तिथे 'कानू' म्हणतात. दिवसाचे चौदा-सोळा तास त्यांचा हात चाले आणि मजुरी ठरे व्यापाऱ्याच्या मर्जीने. १८३१ च्या ऑक्टोबरात मजुरीचे किमान दर ठरले. पुष्कळ व्यापाऱ्यांनी ते जुमानले नाहीत. नोव्हेंबरात कानू टेकडीवरून खाली उतरले आणि त्यांनी काही दिवस अख्खे शहर ताब्यात ठेवले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या काळ्या निशाणावर होते. सरकारने फौज पाठवून शहर परत घेतले. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तो रक्तात बुडाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. फ्रेंच माणूस निवांत असतो, तासभर जेवतो, ऑगस्टात दुकानाला कुलूप लावून गावी जातो, हे पाहून आपले प्रवासी परत आल्यावर म्हणतात, "मोठे ऐषआरामी लोक!" वस्तुतः ही फुरसत त्यांना कुणी आंदण दिलेली नाही. आठवड्याची हक्काची सुट्टी कायद्याने मिळाली ती १९०६ मध्ये. वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली ती १९३६ मध्ये, देशभर संप झाल्यावर. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. दोनाचे पाच आठवडे व्हायला १९८२ उजाडले. म्हणजे ज्या टेकडीवर आम्ही दोन म्हातारी माणसे पाय पसरून बसलो होतो, तिथल्या पोटमाळ्यांवरून आणि तसल्याच इतर ठिकाणांहून या फुरसतीची मागणी निघाली आणि पुढे शतकभर ती लावून धरावी लागली. रिकामपण आणि फुरसत यांत फरक आहे. रिकामपण आपोआप येते; फुरसत मिळवावी लागते आणि राखावी लागते.

राखावी कशी लागते, हे पाहायला तेवीस दिवस पुरले. पहिला धडा बेकरीतला. दुकानात शिरल्यावर आधी "बोंझूर, मादाम" म्हणायचे आणि मग काय हवे ते सांगायचे. नुसते बोट दाखवून पाव मागणारा माणूस त्यांच्या लेखी असभ्य. त्याला पाव मिळतो, हसू मिळत नाही. सौ.ने निघण्यापूर्वी चार महिने फ्रेंचची शिकवणी लावली होती, त्याचे चीज इथे झाले. तिला सर्वांत आवडले ते त्यांचे अहो-जाहो. फ्रेंचमध्ये 'तू' आणि 'व्हू' आहेत, आणि अरे-तुरे करणे व अहो-जाहो करणे या दोहोंसाठी त्यांच्याकडे आपल्यासारखीच स्वतंत्र क्रियापदे आहेत. कुणाशी कधी अरे-तुरेवर यायचे याचे शास्त्र अगदी पुणेरी काटेकोरपणाचे. शेजारच्या मजल्यावरच्या बाई आम्हाला तेवीस दिवस 'व्हू'च म्हणत राहिल्या आणि तरी निघायच्या दिवशी घरच्या जॅमची बाटली घेऊन आल्या. मानाने बोलणे म्हणजे दूर ठेवणे नव्हे, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते.

पावाचेच पाहा. १९९३ च्या एका सरकारी हुकुमाने 'पारंपरिक फ्रेंच पाव' कशाला म्हणावे ते ठरवून दिले: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, गोठवलेली कणीक नको, रसायने नकोत. १९९८ च्या कायद्याने सांगितले की जो स्वतः पीठ मळून जागेवरच भाजतो त्यानेच दुकानावर 'बेकरी' अशी पाटी लावावी. आणि २०२२ मध्ये बागेत पावाच्या कारागिरीची नोंद युनेस्कोच्या यादीत झाली. सकाळी लांबुडका पाव काखेत मारून, त्याचे टोक मोडून खात घरी जाणारी माणसे पाहिली की हा राष्ट्रीय ठेवा आहे असे कुणाच्या मनातही येणार नाही. पण या लोकांनी ओळखले आहे की रोजची गोष्ट आपोआप टिकत नाही. किल्ला पडायला शंभर वर्षे लागतात, पावाची चव एका पिढीत जाते.

जेवणाचेही तसेच. बारा ते दोन या वेळात पेठेतली बरीचशी छोटी दुकाने बंद. कामाच्याच जागी कामगारांना जेवू देण्यास मालकाला मनाई करणारे कलम त्यांच्या कामगार कायद्यात आहे. करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, ते काही काळ सैल करावे लागले. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनाला मान दिला तो कुठल्या पदार्थाला दिला नाही. सणासमारंभाला एकत्र बसणे, पदार्थ क्रमाने येणे, ताटाची मांडणी, खाताना खाण्याविषयी बोलणे, या रीतीला दिला. आपल्याकडे पंगतीत मिठापासून सुरुवात करून पानाची डावी-उजवी बाजू ज्यांनी शिकवली, त्यांना यात नवल वाटले नसते.

आम्ही शाकाहारी, आणि ल्यों हे मांसाहारी खवय्यांचे तीर्थक्षेत्र. उपाशी राहावे लागेल अशी धास्ती होती. पण बुलव्हारवरच्या बाजारात सोमवार सोडून रोज ताजी भाजी, फळे आणि चीज मिळे. शिवाय 'सेर्व्हेल द कानू', म्हणजे शब्दशः 'विणकराचा मेंदू', या भयंकर नावाचा एक पदार्थ तिथे आहे. नाव ऐकून सौ.ने ताटली दूर सारली होती. प्रत्यक्षात तो निघाला ताजा मऊ चक्का, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, लसूण, कोवळी पात, मीठ, मिरे आणि तेल. "अगंबाई, हा तर आपला श्रीखंडाचा चक्का! साखर-केशराच्या जागी कांदा-लसूण घातलाय एवढंच," असे म्हणून तिने पाव मागवला. ज्यांना मांस परवडत नव्हते त्या विणकरांचे हे खाणे. आज चांगल्या खानावळीत ते मानाने वाढले जाते.

या सदराच्या वाचकांना पुस्तकांविषयी सांगायलाच हवे. टेकडीवर पायी जाण्याच्या अंतरात चांगली पुस्तकांची दुकाने होती आणि त्यांत माणसे होती. याचे श्रेय वाचनाच्या आवडीइतकेच १९८१ च्या एका कायद्याला आहे. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि विक्रेत्याने पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. मग तो गल्लीतला दुकानदार असो की जगभर पसरलेली कंपनी. घरबसल्या पुस्तके पाठवणाऱ्यांनी छोट्या मागणीवर किमान ३ युरो टपालखर्च घेतलाच पाहिजे, अशी पुरवणी २०२३ मध्ये अमलात आली. १९५९ मध्ये आंद्रे मालरोंच्या हाती संस्कृती खाते देणाऱ्या देशाला हे शोभते. आम्ही होतो तेव्हाच सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार आला. १९८४ पासून या दोन दिवसांत एरवी बंद असणारे वाडे, कचेऱ्या, कारखाने लोकांना मोकळे करतात. रांगेत आमच्या पुढे एक आजोबा नातवाला जुन्या मागाची दोरी कशी ओढतात ते हातवारे करून सांगत होते. यादी घेऊन धावणाऱ्याला ही रांग 'वेळेचा अपव्यय' वाटली असती.

एकाच गावी राहिले म्हणजे गावाबाहेर जायलाही निवांतपणा मिळतो. एक दिवस आगगाडीने दीड तासावरच्या शांबेरीला गेलो. तिथे चौकात १८३८ मध्ये उभारलेले एक कारंजे आहे: उंच खांब, त्याच्या चार बाजूंना चार हत्ती, तेही फक्त पुढून अर्धे. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती कुठून आले? ते आले महादजी शिंद्यांच्या छावणीतून. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला डिबॉयन, म्हणजे बेन्वा द ब्वान्य, हा १७५१ मध्ये याच शांबेरीत जन्मला. १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला, त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि मिळालेली दौलत घेऊन परतल्यावर गावच्या दवाखान्यांना आणि रस्त्यांना सढळ हाताने पैसा दिला. १८३० मध्ये तो वारला. हे कारंजे त्याच्या स्मरणार्थ. इंदूरकराला इथे थोडे अवघडल्यासारखे होते, कारण १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला तो याच डिबॉयनच्या पलटणींनी. सौ. म्हणाली, "शिंद्यांचे हत्ती म्हणून तरी नमस्कार करा!" गावकऱ्यांनी मात्र स्मारकाला आपले करून घेतले आहे. हत्तींना मागची बाजू नाही म्हणून त्यांनी ठेवलेले नाव मराठीत सभ्यपणे सांगायचे तर 'बिनबुडाचे चौघे' असे आहे.

आता दुसरी बाजू. त्या देशात सारे गोमटे आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. रविवारच्या सुट्टीला २०१५ च्या कायद्याने बऱ्याच पळवाटा दिल्या आहेत, आणि लहान गावांतल्या बेकऱ्या बंद पडत असल्याची तक्रार तिथेही ऐकली. याहून गंभीर गोष्ट २००३ ची. त्या ऑगस्टात भयंकर उन्हाची लाट आली, देश रजेवर होता, आणि सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांतली बहुतेक वृद्ध होती आणि कितीतरी आपल्या घरात एकटी होती. आमच्या वयाच्या माणसांना हा आकडा विसरता येत नाही. ज्या फुरसतीत घरच्या म्हाताऱ्यांची आठवण राहत नाही, तिचे गोडवे मी गाणार नाही.

आणि भाषा. फ्रेंच लोक आपल्या भाषेला जपतात याचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. १९९४ मध्ये त्यांनी त्यासाठी खास कायदाही केला. पण ल्योंच्या आसपासच्या खेड्यांत आणि शांबेरीच्या साव्हा प्रांतात एक निराळीच बोली नांदत होती. विद्वान तिला फ्रँको-प्रोव्हान्सल म्हणतात. राज्यक्रांतीच्या काळातच, १७९४ मध्ये, अशा बोली नष्ट करून सर्वत्र फ्रेंच आणावी असा अहवाल राष्ट्रीय सभेपुढे ठेवला गेला. पुढे १८८२ पासून शाळा सक्तीची झाली आणि वर्गात गावची बोली बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी घरीही फ्रेंच धरली. २००८ मध्ये घटनेत एक कलम घालून प्रादेशिक भाषा हा देशाचा वारसा असल्याचे मान्य झाले. पण तोवर त्या बोलीत बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली होती. विणकरांच्या बोलण्याचा ठसका आज ऐकायचा तर गिन्योलच्या बाहुल्यांच्या खेळाला जावे. लोराँ मुर्गे नावाच्या माणसाने १८०८ च्या सुमारास ही बाहुली घडवली. आम्ही खेळ पाहिला. मुले खळखळून हसत होती. मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी काही शब्दांना हसत होती, मुले मात्र त्या शब्दांना हसत नव्हती.

इथे विषय आपल्या घरी येतो. आपण इंदूरची जुनी मराठी मंडळी संस्कृतीची काळजी करतो म्हणजे काय करतो? नाट्यमहोत्सवाची वर्गणी भरतो, गणेशोत्सवात व्याख्यानमाला ठेवतो, दिवाळी अंक विकत घेतो. हे सारे हवेच, आणि त्यासाठी झटणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण वर्षातले दहा दिवस मराठी आणि उरलेले तीनशे पंचावन्न दिवस नातू आजीशी मराठी, आईशी हिंदी आणि मोबाइलशी इंग्रजी, ही आपल्या किती घरांची स्थिती आहे? सावकाश जेवणाला आपण जुन्या वळणाचे म्हणतो, दुपारच्या वामकुक्षीला आळस म्हणतो, 'अहो' म्हणायला मुलांना संकोच वाटतो, आणि मग संस्कृती टिकत नाही म्हणून सभा भरवतो. आपल्या पाठीशी पावाचा किंवा पुस्तकांचा कायदा नाही. परप्रांतात अडीच-तीनशे वर्षे मराठी राहिली ती कायद्याने राहिली नाही. स्वयंपाकघरात, ओसरीवर, पंगतीत बोलली गेली म्हणून राहिली. साव्हाच्या आईबापांनीही मुलांचे वाईट चिंतले नव्हते. त्यांनी फक्त घरातले बोलणे बदलले.

तेव्हा ज्यांना साधेल त्यांनी परदेशी जरूर जावे, आणि सहा देशांच्या पैशात एका गावी राहावे. आमचा खर्च त्या सहलींपेक्षा फारसा वेगळा आला नाही. ज्यांना साधणार नाही त्यांचेही काही अडत नाही. रात्रीचे जेवण घरच्या सर्वांनी एकत्र, यंत्रे बाजूला ठेवून, मराठीत बोलत करावे. आलेल्या-गेलेल्याची मानाने विचारपूस करावी. महिन्याला एक मराठी पुस्तक दुकानात जाऊन, हाताळून, नातवाच्या हाताने विकत घ्यावे. यात पराक्रम काही नाही आणि कुणाच्या यादीत भरण्याजोगेही काही नाही. पण या गोष्टी रोज कराव्या लागतात, आणि ज्याला फुरसत नाही त्याच्याकडून त्या होत नाहीत. म्हणून माझ्या मते आपल्या मंडळींनी संस्कृतीची काळजी करण्याआधी आपल्या फुरसतीची काळजी करावी.